पाणी काँक्रीट होत नाही : स्पीडबोट आणि लाइफ जॅकेटविषयीच्या एका मजकुराला उत्तर

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. कितीतरी प्रवाशांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते, हे वाचलेल्यांनीच सांगितले. त्यानंतर गेटवेवरच्या बोटींत जॅकेट घालणे सक्तीचे झाले. लोक जॅकेटविषयी बोलू लागले हे चांगलेच झाले. पण त्याच बोलण्यातून एक मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरू लागला आणि सुट्ट्यांचा हंगाम आला की तो कुणी ना कुणी मला आजही पाठवतो.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे आहे. स्पीडबोटीचा वेग वाढला की पाणी काँक्रीटसारखे कठीण होते, तेव्हा फोमच्या जॅकेटचा काही उपयोग नाही. पोहता येणाऱ्याला त्याची गरज नाही. ‘१०० न्यूटन’ लिहिलेले जॅकेट दहा किलो वजन तोलते, मग ऐंशी किलोचा माणूस त्यावर कसा तरंगणार? प्रमाणपत्रे हा कंपन्यांचा धंदा आहे, फोम जाड असला की झाले. बोट उलटली तर जॅकेटच माणसाला खाली अडकवते. म्हणून चालक चांगला पाहा आणि जॅकेट बाजूला ठेवा.

कोकण किनाऱ्यावरच्या बोटचालकांना सुरक्षेचे धडे देण्याचे काम मी करतो आणि हीच वाक्ये मला वर्गात खलाशांच्या तोंडूनही ऐकू येतात. यांतल्या बहुतेक वाक्यांत खऱ्याचा एखादा कण आहे, म्हणूनच ती लोकांना पटतात. तो कण बाजूला काढून दाखवल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही.

काँक्रीटची गोष्ट आधी घेऊ. पाणी कठीण होत नाही, पण अंगावर येणारा त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने माणूस पाण्यावर आदळला तर समोरून येणारा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण ३५० ग्रॅम असतो. ताशी ६० किलोमीटरला तोच सुमारे १ किलो ४०० ग्रॅम होतो. एवढ्या माराने बरगडी मोडू शकते, मान हिसकली जाऊ शकते, छातीतला श्वास निघून जातो, काही वेळा शुद्ध हरपते. मजकूर इथपर्यंत बरोबर आहे. चूक आहे ती पुढच्या निष्कर्षात, कारण लाइफ जॅकेट हे मार झेलण्यासाठी केलेले साधन नाही. त्याचे काम मार बसल्यानंतर सुरू होते. श्वास निघून गेलेला, हात न उचलता येणारा माणूस पाण्यात पडलेला असतो आणि त्या दोन-चार मिनिटांत त्याचे तोंड पाण्याच्या वर राहिले की नाही, यावर पुढचे सारे ठरते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने हौशी नौकाविहाराची २०२३ सालची जी आकडेवारी प्रसिद्ध केली, तीत ५६४ मृत्यूंची नोंद आहे. ज्या मृत्यूंचे कारण कळले त्यांपैकी ७५ टक्के बुडून झाले आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या अंगात जॅकेट नव्हते. हे आकडे सगळ्या प्रकारच्या बोटींचे आहेत, केवळ वेगवान बोटींचे नाहीत. तरीही आदळण्यापेक्षा बुडण्याने किती माणसे जातात, हे त्यांवरून कळते.

पोहता येणाऱ्याविषयीचे उत्तरही यातच आले. पोहायला शुद्ध लागते, दोन्ही हात लागतात आणि दम लागतो. ताशी ५० किलोमीटरच्या बोटीतून फेकल्या गेलेल्या माणसाकडे यांतले काय शिल्लक राहील, हे त्याच्या पोहण्याच्या सरावावर ठरत नाही.

न्यूटनचा हिशेब मात्र सावकाश समजून घ्यायला हवा, कारण शिकलेली माणसेही इथे फसतात. ‘१०० न्यूटन’ म्हणजे जॅकेट माणसाला साधारण दहा किलोच्या जोराने वर ढकलते, हे बरोबर आहे. पण ऐंशी किलोचा माणूस पाण्यात ऐंशी किलोचा राहत नाही. शरीराची घनता पाण्याच्या अगदी जवळची असल्यामुळे त्याचे जवळजवळ सगळे वजन पाणीच तोलते. विहिरीत उताणे पडून राहणाऱ्या कुणालाही हा अनुभव आहे. जॅकेटला तोलायचे असते ते पाण्याबाहेर ठेवायच्या डोक्याचे वजन. त्यासाठी बहुतेक प्रौढांना ७ ते १२ पौंड, म्हणजे साधारण तीन ते साडेपाच किलो इतकाच जादा आधार पुरतो. मग १०० किंवा १५० न्यूटन कशासाठी? लाटांसाठी, भिजून जड झालेल्या कपड्यांसाठी आणि मुख्य म्हणजे पालथ्या पडलेल्या बेशुद्ध माणसाला उताणे करण्यासाठी.

याच ठिकाणी प्रमाणपत्राचा अर्थ लागतो. आयएसओ १२४०२ या आंतरराष्ट्रीय मानकात प्रौढांसाठी ५०, १००, १५० आणि २७५ न्यूटन अशा पातळ्या आहेत. ५० ची पातळी पोहता येणाऱ्यासाठी, किनारा किंवा मदत जवळ असताना वापरण्यासाठी आहे. ते जॅकेट बेशुद्ध माणसाला उताणे करील अशी अपेक्षाच त्याच्याकडून नसते. १०० ची पातळी आडोशाच्या पाण्यासाठी, १५० ची खुल्या समुद्रासाठी आणि २७५ ची अंगावर जड कपडे किंवा अवजारे असणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे एकाच रंगाची, सारखीच दिसणारी दोन जॅकेटे शेजारी टांगलेली असतील आणि त्यांतले एक पालथ्या माणसाला वळवील, दुसरे वळवणार नाही. हा फरक फोमची जाडी चाचपून कळत नाही, आतल्या लेबलावर वाचावा लागतो. युरोपात विकल्या जाणाऱ्या जॅकेटवर सीई या खुणेशेजारी चार आकडी क्रमांक असावा लागतो, कारण बुडण्यापासून वाचवणारी साधने तिथे सर्वांत कडक गटात मोडतात आणि तो क्रमांक तपासणाऱ्या बाहेरच्या संस्थेचा असतो. नुसते सीई छापलेले आणि क्रमांक नसलेले जॅकेट पाहिले की मी ते बाजूला ठेवतो.

जाड फोमचे एक जॅकेट मी स्वतः उसवून पाहिले आहे. एका जलक्रीडा केंद्रावर नवा माल आला होता, नारिंगी रंग झळझळीत, अंग भरदार. शिवण उसवल्यावर आत टीव्हीच्या खोक्यात येतो तसला पॅकिंगचा फोम निघाला, पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या. चिमटीत दाबला तर तो चपटा झाला आणि चपटाच राहिला. अशा जॅकेटवर दोन महिने प्रवासी बसत राहिले (आणि आपल्याकडे जॅकेटचा उपयोग बसायला सर्रास होतो), तर फोममधली हवा जाते आणि हवेबरोबर तरंगण्याची शक्तीही जाते. प्रवासी जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमात जॅकेट गोड्या पाण्यात चोवीस तास ठेवल्यावर त्याची तरंगशक्ती पाच टक्क्यांपेक्षा जास्त घटता कामा नये, अशी अट आहे. कंपनीच्या धंद्यासाठी कुणी अशी अट घालत नाही.

आता वेगाविषयी प्रमाणपत्र काय सांगते आणि काय सांगत नाही, हेही स्वच्छ सांगितले पाहिजे. त्याच आंतरराष्ट्रीय नियमात साडेचार मीटर उंचीवरून, जॅकेट हातांनी धरून पाण्यात उडी मारण्याची चाचणी आहे. त्या उंचीवरून पडणारा माणूस पाण्याला भिडतो तेव्हा त्याचा वेग ताशी साधारण ३४ किलोमीटर असतो, शिवाय तो जाणूनबुजून उभा उडी मारत असतो. जेट स्कीवरून पडणारा माणूस ना जॅकेट धरून असतो, ना सरळ उभा. म्हणून जहाजासाठी मान्य झालेले जॅकेट स्पीडबोटीसाठी आपोआप योग्य ठरत नाही आणि इथे मजकुरापेक्षा वेगळ्या कारणाने मी सावध राहायला सांगेन. काही उत्पादक अमुक वेगाला चाचणी केल्याचे छापतात. त्या चाचणीत जॅकेट टिकते का हे पाहिलेले असते, माणसाला इजा होणार नाही असे त्यातून सिद्ध होत नाही.

वेगात जॅकेट निकामी होण्याचे मुख्य कारण सैलपणा हे आहे. ताशी ६० किलोमीटरने पडताना जॅकेट आणि छाती यांच्यामध्ये शंभर चौरस सेंटिमीटरची, म्हणजे जेमतेम तळहाताएवढी फट राहिली, तर वर सांगितलेल्या दाबाने त्या फटीतून शिरणारे पाणी जॅकेटला सुमारे १४० किलोच्या जोराने उचकटू शकते. नुसती चेन तो ताण घेईलच असे नाही. म्हणून वेगवान बोटीसाठी अंगाभोवती फिरणारे तीन-चार रुंद पट्टे आणि मजबूत बकले असलेले, अंगाला घट्ट बसणारे फोमचे जॅकेट घ्यावे. मार सोसण्यासाठी म्हणून विकली जाणारी पातळ वेस्ट दिसायला चांगली असते, पण त्यांतल्या कितीतरी वेस्ट तरंगण्यासाठी प्रमाणित नसतात. हवेने फुगणारी जॅकेटेही या कामाची नाहीत; अमेरिकेत ती सोळा वर्षांखालील मुलांसाठी मान्य नाहीत आणि जेट स्की किंवा दोरीने ओढत नेण्याच्या खेळांसाठी ती वापरू नयेत असे सांगितले जाते.

गेल्या हिवाळ्यात एका जेट्टीवर सहा-सात वर्षांची एक मुलगी मोठ्या माणसाचे जॅकेट घालून बनाना राइडच्या रांगेत उभी होती. तिच्या वडिलांना विचारून मी जॅकेटच्या खांद्यांखाली बोटे घातली आणि हलकेच वर उचलले. जॅकेट कानांपर्यंत आले, तिचे हात आपोआप वर गेले आणि हनुवटी आत बुडाली. पाण्यानेही नेमके हेच केले असते. वडील काही बोलले नाहीत. तांडेलाने आत जाऊन लहान जॅकेट आणले, पायांमधून जाणारा पट्टा असलेले, आणि आधी कमरेचा पट्टा ओढून मग वरचे पट्टे आवळले. पुन्हा खांद्याला धरून उचलले तेव्हा जॅकेटऐवजी मुलगीच उचलली गेली आणि हसायला लागली. ही तपासणी दहा सेकंदांची आहे आणि तिला कसलेही यंत्र लागत नाही.

बोटीखाली अडकण्याची भीती कुठून आली असावी, हे मला ठाऊक आहे. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे अपहृत विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरवावे लागले, तेव्हा काही प्रवाशांनी आतच जॅकेटे फुगवली आणि पाणी भरू लागल्यावर ते छताला जाऊन अडकले. ती घटना खरी आहे आणि बंदिस्त केबिनच्या प्रवासी बोटीत बसताना बाहेर पडण्याची वाट आधी पाहून ठेवावी, हा तिच्यातून घ्यायचा धडाही खरा आहे. पण स्पीडबोट, जेट स्की, बनाना राइड या सगळ्या उघड्या असतात. त्यांतून माणूस बाहेर फेकला जातो, आत कोंडला जात नाही. २५ डिसेंबर २०२४ रोजी कळंगुटला पर्यटकांची बोट उलटली तेव्हा दोघे वगळता सर्वांनी जॅकेट घातले होते, असे अधिकाऱ्यांनी सांगितले होते. वीस जणांना वाचवता आले, एकाचा जीव गेला.

राहिला चालक. चालक शिकलेला असावा, यावर माझे आणि त्या मजकुराचे एकमत आहे. गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेसारख्या ठिकाणी त्याचे रीतसर शिक्षण मिळते आणि पर्यटकांनी चालकाचे प्रमाणपत्र विचारण्यात संकोच करू नये. पण चालकही बोटीतून पडू शकतो. ५ मे २०१३ रोजी इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या कॅमल खाडीत एका वेगवान बोटीतून कुटुंबातले सहाही जण बाहेर फेकले गेले. रिकामी बोट पूर्ण वेगात गोल फिरत त्यांच्यावरून गेली आणि दोघे दगावले. इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेली नव्हती, असे चौकशीत आढळले. अमेरिकेने १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या वेगवान बोटींना या यंत्रणेचा वापर बंधनकारक केला. आपल्या किनाऱ्यावर बहुतेक जेट स्कींना ती लाल, गुंडाळीची दोरी असते आणि बऱ्याचदा ती हँडललाच लोंबकळत असते. बोट सुटण्यापूर्वी ती चालकाच्या मनगटाला किंवा मांडीला अडकवलेली आहे ना ते पाहा, नसेल तर अडकवायला सांगा आणि तोवर जेट्टीवरून पाय उचलू नका.