पाव नको असेल तर घरीच बसा

गेल्या रविवारी सकाळी शेजारचे भाई दारात उभे. हातात कोरा फुलस्केप. "तुझं मराठी बरं आहे, जरा एक निवेदन लिहून दे रे. पंचायतीला द्यायचंय." विषय: पोदेर, म्हणजे आमच्या गोव्यात सायकलवरून दारोदार पाव विकणारा, तीन दिवस वाड्यावर फिरकलेला नाही.

का फिरकला नाही, ते अख्ख्या वाड्याला ठाऊक आहे. पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या आमच्या नव्या पंचाने तिठ्यावर फलक लावलाय: फेरीवाल्यांनी आपलं पूर्ण नाव गाडीवर ठळक अक्षरांत लिहावं. पूर्ण नाव कशाला हवं, ते लिहिलेलं नाही. ते लिहावं लागत नाही. मग चार पोरांनी पोदेराची सायकल अडवली. नाव विचारलं, गाव विचारलं, देव विचारला. पावाचे उंडे विकायलाही देव लागतो हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. तो भोंगा न वाजवताच परत गेला.

पंच जिंकला अकरा मतांनी. भाईंच्या घरात मतं पाच, वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या भावाकडे चार. मतदानाच्या दिवशी दोन्ही कुटुंबं आंबोलीचा धबधबा बघत होती. फोटो आले होते ग्रुपवर.

तेव्हा आपल्याही वॉर्डात असला पंच हवा असेल, तर या काही अनुभवाच्या सूचना.

मतदान सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. नऊ तासांत मासळी, हुमण, दुपारची झोप, सगळं बसवायचं असतं. मत मागे राहिलं तर राहू द्या. ज्याला शेजाऱ्याला हाकलायचंय तो पावणेआठलाच रांगेत उभा असतो, सासूला खुर्चीवर बसवून आणतो. तुमची उणीव भासणार नाही.

पाऊस आला तर छत्री शोधू नका.

"म्हज्या एका मतान कितें जातलें?" हे वाक्य पाठ करा. 2022 च्या विधानसभेला फोंड्याचा निकाल 77 मतांनी लागला, सांत आंद्रेचा 76 मतांनी. एवढी माणसं तर संध्याकाळच्या कदंब बसमध्ये कोंबलेली असतात.

पंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, म्हणून तिथे विचारसरणी नसतेच असं धरून चाला. उमेदवार "आपलाच मुलगा" आहे ना, मग तो कुणाच्या सभेत काय बोलतो ते कशाला बघायचं? दुकानाचा परवाना आणि घराचा नंबर उद्या तोच अडवणार आहे, ही किरकोळ बाब.

त्याच्याविरुद्ध तीन सज्जन उभे राहिले तर तिघांनाही आशीर्वाद द्या. एकालाही "बाबा, तू माघार घे" म्हणू नका. वाईट दिसतं.

आणि शेवटचा रामबाण: "सगळे सारखेच." हे मलाही फार पटतं. देवळात, खुर्सासमोर, दर्ग्यात पक्ष न सोडण्याच्या शपथा घेऊन 2022 मध्ये निवडून गेलेल्या काँग्रेसच्या अकरापैकी आठ आमदारांनी त्याच वर्षी 14 सप्टेंबरला भाजपमध्ये उडी मारली. महालक्ष्मीने पाहिलं, बांबोळीच्या खुर्साने पाहिलं, बेतीच्या दर्ग्याने पाहिलं. राग यायलाच हवा. पण रागावून घरी कोण बसतं? तुम्ही. रागावलेला कट्टर माणूस कधी घरी बसलेला पाहिलाय? त्याचा उमेदवार चोर निघाला तरी तो मत टाकून येतो, कारण त्याला रस्ता नकोय, गटार नकोय, त्याला फक्त कुणीतरी खाली मान घालून जाताना बघायचंय. त्यासाठी तो उन्हात उभा राहतो. आणि तुम्हाला, ज्यांना रस्ता, गटार, पाणी आणि सकाळचा पाव सगळं हवंय, तुम्हाला एक आदर्श उमेदवार हवा असतो! तो वॉर्डात जन्मलाय का? माझे आजोबा 16 जानेवारी 1967 ला जनमत कौलात फुलाला, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायच्या बाजूने, मत देऊन आले. वेगळं राहू म्हणणाऱ्यांच्या दोन पानांनी 34,021 मतांनी हरवलं त्यांना. मराठीवाल्या घरात ती जखम वर्षानुवर्षं होती. पण सगळे सारखेच म्हणून पुढचं एकही मतदान त्यांनी चुकवलं नाही. साधी पंचायतसुद्धा नाही.

2022 च्या पंचायतीला गोव्यात जवळजवळ 79 टक्के मतदान झालं म्हणून आपण मिरवतो. 2020 च्या जिल्हा पंचायतीला 57 च्या आसपास झालं होतं, ते कुणी काढत नाही.

भाई, पुरे झाला उपरोध. पोदेराला त्या चार पोरांनी हाकललं नाही. तुमच्या घरातल्या नऊ मतांनी आणि तुमच्यासारख्याच आणखी दोन आळशी घरांनी हाकललं. पोरं चुकीची आहेतच, पण ती निदान आली होती. तुम्ही कुठे होता? पाव मिळेना तेव्हा तुम्हाला लोकशाही आठवली, आणि तीसुद्धा दुसऱ्याच्या अक्षरात.

निवेदन मी लिहून ठेवलंय. पहिली सही तुमची, पूर्ण नावानिशी, ठळक अक्षरांत. आणि पुढच्या रविवारच्या ग्रामसभेत ते तुम्हीच उभं राहून वाचायचं. धबधबा कुठे जात नाही.