नमुना आणलाय का?

साताऱ्यात सायकल चालवायची तर दम एकवेळ नसला तरी चालतंय, ब्रेक पाहिजे. समर्थ मंदिरापासून सोडली की राजवाडा येतो, पोवई नाका येतो, सगळं आपोआप येतं, आपण फक्त थांबायचं. आणि कास पठारावरून येताना तर विचारूच नका. पठार साधारण 1200 मीटरवर, सातारा 700 च्या आसपास, म्हणजे मधली पाचशे मीटरची उतरण ब्रेकच्या बोटाच्या पेराएवढ्या चार पॅडच्या जिवावर. त्यात 2012 ला पठार युनेस्कोच्या यादीत गेलं तेव्हापासून सप्टेंबरात यवतेश्वरच्या घाटात प्रत्येक वळणावर कुणीतरी गाडी आडवी लावून सेल्फी काढत असतं, परत ब्रेक. आणि रस्त्यावरचा लाल चिखल उडून डिस्कवर, म्हणजे पॅड जिला चिमटीत धरतात त्या चाकाच्या चकतीवर, बसतो तो पॉलिश पेपरचं काम करतो ते वेगळंच.

तर पॅड संपले. नव्या पॅडवर साधारण 2 मिलिमीटरचा थर असतो, अर्धा मिलिमीटर राहिला की बदलायचे असा नियम आहे. माझ्या पॅडवर थर शोधायला चष्मा लावला, नुसती पत्र्याची पट्टी दिसली. लोखंडावर लोखंड. आवाज असा की मी बोगद्यापाशी आलो की बायको घरी चहा टाकायची.

दुकानात गेलो, म्हटलं डिस्क ब्रेकचे पॅड द्या. दुकानदार मान वर न करता म्हणाला, "नमुना आणलाय का?"

बरोबर होतं त्याचं. कंपनी बदलली की आकार बदलतो, आणि एकाच कंपनीत मॉडेल बदललं तरी बदलतो, दिसायला सारखा वाटतो पण कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्यात, काही केल्या बसत नाही. दुकान खाली नाक्यावर, घर वर. चढून घरी आलो, पॅड काढले, कागदात गुंडाळले, आणि आता सायकलला ब्रेकच नाही म्हटल्यावर चालत खाली गेलो. त्याने पॅड उलटसुलट करून बघितले, आकार ओळखला, माझ्या जिवात जीव आला, तेवढ्यात म्हणाला, "रेझिन देऊ का मेटल?"

रेझिनचा आवाज कमी, पकड गोड, पण पावसात भराभरा झिजतो. मेटलवाला टिकतो पण किंचाळतो. मी पावसाचा विचार करून मेटल म्हटलं तर म्हणाला, "डिस्कवर काय लिहिलंय बघा आधी, काही डिस्कला मेटल चालत नाही."

डिस्क घरी होती.

बायकोला फोन लावला, म्हटलं जरा डिस्कवर काय लिहिलंय वाच. "बाण काढलाय," म्हणाली. पुढे? "गोल फिरायचं दाखवलंय. गरम असताना हात लावू नका असं चित्र आहे. आणि चिखल आहे. हे मी फोडणी ठेवून बघतीय हां." शेवटी चिखल पुसल्यावर निघालं, रेझिन पॅड ओन्ली. विषय संपला.

खरं काम त्यानंतर. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, ब्रेकमध्ये पॅड झिजतील तसे त्यांना ढकलणारे पिस्टन पुढे सरकत येतात, म्हणजे नवे जाड पॅड बसवायचे तर आधी ते मागे ढकलायला लागतात. आणि चाक काढलेलं असताना लिव्हर अजिबात दाबायची नाही, नाहीतर पिस्टन आणखी बाहेर येतात. हे मी भाच्याला अगदी नीट समजावून सांगितलं. त्याने लक्ष देऊन ऐकलं, "असं?" म्हणाला आणि दाबली.

मग पिस्टन ढकलायला काहीतरी चपटं पाहिजे, लोखंडी नको, पिस्टनला टवका उडायचा. घरात चपटं आणि लाकडी म्हणजे आईचं उलथनं. त्याचं टोक बरोब्बर बसलं. दोन्ही पिस्टन हळूहळू आत गेले, इतकं समाधान मला पगाराच्या दिवशीपण होत नाही. उलथनं धुऊन जागेवर ठेवलं. त्या दिवशीचं थालीपीठ चांगलं झालं होतं एवढंच सांगतो.

पॅडच्या मधली स्प्रिंग उडून गॅसच्या टाकीखाली गेली त्याबद्दल काही बोलत नाही.

चाक बसवलं, फिरवलं तर च्यँव च्यँव, डिस्क पॅडला घासत होती. कॅलिपरचे दोन बोल्ट ढिले करून लिव्हर दाबून धरायची आणि आवळायचे. मागे पांढरा कागद धरला की डिस्कच्या दोन्ही बाजूची फट दिसते. मी कागद धरून एक डोळा मिटून बसलेलो असताना शेजारचे काका आले. काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. "आवाज येतोय व्हय? थांब, दोन थेंब तेल सोडतो," म्हणून शिलाई मशीनची तेलाची कुपी घेऊनच आले. डिस्कला तेल लागलं की पॅड ते पिऊन टाकतात आणि कामातून जातात. मी अक्षरशः चाकावर आडवा पडलो. काका रागावले, "आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या आम्ही." गेले. मग मोबाइल रिपेअरवाल्याकडनं आणलेल्या आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, डिस्क पुसली, तरी काका गच्चीतून बघतच होते.

आता राहिलं पॅड बसवून घेणं. म्हणजे जरा वेग घ्यायचा, ब्रेक लावत जवळजवळ थांबायचं, पण पूर्ण नाही, परत वेग, परत ब्रेक, असं वीसेक वेळा, म्हणजे पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो. संध्याकाळी गल्लीत सुरू केलं. पळ, थांब, पळ, थांब. पहिल्यांदा कुत्रं मागे लागलं, मग त्यालाही अंदाज येईना, ते बसून राहिलं. कट्ट्यावरच्या आजी बराच वेळ बघत होत्या, शेवटी हाक मारली, "आरं काय पडलंय तुझं?"

म्हटलं काय नाही आजी, ब्रेक बसवतोय.

"काय, किल्ली?"

मी परत सांगेपर्यंत उशीर झाला होता. समोरच्या घरातनं बॅटरी आली, दोन पोरं गटारीच्या कडेनं वाकून निघाली, आणि काका गच्चीतून ओरडून सांगत होते की मघाशी हा त्या चाकावर पडला होता, तिथंच पडली असणार.