तेल पाण्यावर तरंगतं, मग भिंग तेलात जास्त कमजोर कसं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, भिंगाची पॉवर काचेत असते, द्रवात बुडवून ती कशी बदलेल, आणि बदलत असली तरी तेल पाण्याहून विरळ आहे, पाण्यावर तरंगतं, मग "तेलात भिंग पाण्यापेक्षाही कमजोर होतं" हे माझं वाक्य उलटं आहे. शिवाय तुम्ही 10 सेंमीचं (म्हणजे हवेत सूर्याचा टिपका 10 सेंमीवर पाडणारं) भिंग घेऊन बादलीत वीतभर पाण्यात करून बघितलंत आणि तळाशी सूर्याचा टिपका लख्ख आला, मग पाण्यात टिपका 40 सेंमीवर जातो असं मी लेखात लिहिलं होतं, ते 40 सेंमी कुठे गेले?

तेलाचं आधी. मी लेखात "दाट द्रव" लिहिलं होतं, तो शब्द चुकला, आजच बदलला. शाळेत आपण घन माध्यम, विरळ माध्यम शिकतो आणि डोक्यात वजनच येतं, पण प्रकाशाला वजनाशी देणंघेणं नाही, त्याचा त्या माध्यमातला वेग किती हे महत्त्वाचं, आणि शेंगदाणा तेलात तो पाण्यातल्यापेक्षा कमी असतो. हा वेग किती पट कमी होतो तो आकडा म्हणजे अपवर्तनांक: पाण्याचा 1.33, गोड्या तेलाचा साधारण 1.47. रॉकेलसुद्धा पाण्यावर तरंगतं तरी त्याचा 1.44 आहे.

आता पॉवर. किरण वळतो तो काच आणि बाहेरचं माध्यम यांच्या सीमेवर, दोघांत फरक जितका मोठा तितका जास्त वळतो. काच 1.5, हवा 1, म्हणजे भरपूर फरक. पाण्यात 1.5 भागिले 1.33, म्हणजे जेमतेम 1.13, 1 च्या वरचे 0.13 तेवढेच कामाचे, हवेत तेच 0.5 होते, म्हणून नाभीय अंतर (भिंगापासून टिपक्यापर्यंतचं, म्हणजे नाभीपर्यंतचं) जवळजवळ चौपट. तेलात वरचे उरतात फक्त 0.02, म्हणजे तुमचं 10 सेंमीचं भिंग अडीच मीटरचं होऊन बसतं!

हे मी काल परत करून बघितलं. पातेल्याच्या तळाशी आमची जुनी ताटली ठेवली, तिच्यावर आजीचं नाव कोरलंय, आणि चार बोटं वर भिंग धरलं. कोरडं असताना अक्षरं तिप्पट मोठी, त्यातले सुईचे टोचेसुद्धा मोजता येतील अशी. भिंग बुडेल इतकं पाणी भरलं तर जराशी मोठी. मग सगळं पुसून दोन लिटर तेल ओतलं, अक्षरं होती तेवढीच, आणि भिंगाची काच तर जवळजवळ दिसेनाशीच झाली, नुसती प्लॅस्टिकची रिम तरंगल्यासारखी वाटत होती. (तेल गाळून परत डब्यात गेलं.)

आणि द्रवाचा अपवर्तनांक काचेहून जास्त असेल तर गंमत अजून पुढे जाते. कार्बन डायसल्फाईडचा 1.63 आहे, त्यात हेच बहिर्वक्र भिंग किरण गोळा करायच्या ऐवजी पसरवतं. पण ते विषारी आणि लगेच पेट घेणारं आहे, घरी अजिबात नको.

तुमच्या टिपक्याचं मला वाटतं असं झालं असावं, भिंगाची खालची बाजू पाण्याला टेकली होती आणि वरची कोरडी होती. मग वरची बाजू हवेतल्यासारखं पुरेपूर काम करते, फक्त खालची मंदावते, आणि गणित केलं तर नाभी पाण्यात साधारण 20 सेंमीवर येते. म्हणजे तुमची वीत! हवेत हाच टिपका 10 सेंमीवर येतो, मग अर्धं भिजल्यावर तो दुप्पट लांब गेला ना? तुमचा प्रयोग चुकलेला नाही, तो पॉवर बदलते हेच दाखवतोय.

डोळ्याचंही असंच. डोळ्याची दोन तृतीयांश पॉवर बाहेरच्या पारदर्शक पडद्याची, आणि त्याचा अपवर्तनांक पाण्याच्या अगदी जवळ, म्हणून विहिरीत डोळे उघडले की सगळं धूसर. तारकर्लीला स्कूबाचा मास्क घालतात तेव्हा डोळ्यापुढे हवेचा थर परत येतो आणि मासे स्पष्ट दिसतात.

एकदा उंच पिंपात भिंग दोन्ही बाजूंनी पूर्ण बुडवून, खाली बुडबुडा अडकलेला नाही ना हे बघून, भर दुपारी परत करा. टिपका किती खोल आला ते इथेच लिहा, आकडा वेगळा आला तर दोघं मिळून शोधू.