अंथरूण पाहून ढांग

आमच्या घराण्यात लांब ढांगेचं फार कौतुक. 'पोरानं बापाची ढांग घेतलीय,' हे आजीचं वाक्य ऐकतच मी वाढलो. त्यामुळे सत्तेचाळिसाव्या वर्षी बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळायला लागलो, तेव्हा आपण हरणासारखे दिसत असणार याबद्दल मला शंका नव्हती. शंका फक्त नडगीला होती. तिसऱ्या आठवड्यात ती ठणकायला लागली. पाठोपाठ गुडघा.

भाच्यानं मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं. त्यात हरीण कुठंच नव्हतं. होता तो एक पोटवाला गृहस्थ, बसमागे धावता धावता दर पावलाला विचार बदलून थांबू बघणारा. पाऊल गुडघ्याच्याही पुढं जाऊन पडतंय, पाय ताठ, टाच आधी दाणकन्.

"मामा, ह्याला ओव्हरस्ट्रायडिंग म्हणतात. तू पळूलास कमी, ब्रेक मारूलास जास्त."

पाऊल अंगाखाली पडायला हवं, गुडघा जरासा वाकलेला. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे पाठ होतं. खरं मी ते आजवर फक्त पगाराला लावत आलो.

उपाय ऐकायला सोपा. ढांग ओढूनताणून आखडायची नाही, मिनिटाला पडणारी पावलं वाढवायची. ढांग आपोआप आटोक्यात येते. माझी भरली १५२. त्यात पाच ते दहा टक्के वाढ, म्हणजे १६० ते १६७. जॅक डॅनियल्स नावाच्या प्रशिक्षकांनी (बाटलीवाले ते वेगळे) १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली, तेव्हा बहुतेकांची १८० च्या वर निघाली. "ते ऑलिंपिकवाले," भाचा घाईघाईनं म्हणाला.

मोबाईलवर मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र, लावला. टिक टिक टिक. दोन दिवसांत मी भाकरीसुद्धा १६४ च्या चालीवर चावू लागलो. डेपोवर एका काकांनी थांबवलं, "काय रे, पायाला चटके बसूलेत काय?" वॉचमननं तर धावत येऊन कानडीत विचारलं, "एनातरी सर?" लांब ढांगेनं चुकीचं पळत होतो तेव्हा ह्यांच्यापैकी कुणालाच काळजी वाटली नव्हती. पोटऱ्यांनी मात्र नवीन तक्रार सुरू केली. नडगीचा भार आता त्यांच्याकडे बदली होऊन आला होता.

मग एका सकाळी मोबाईल घरी विसरला आणि मी वडगावच्या गल्लीत शिरलो. दोन्ही बाजूंच्या घरांतून यंत्रमाग चालू. खटाक् खटाक् खटाक्. पावलं त्या ठेक्यात आपसूक पडू लागली. टाच वाजेना, खांदे सैल, श्वास जागेवर. वळणापर्यंत गेलो, परत आलो. आयुष्यात पहिल्यांदा मला पळताना ब्रेक नव्हता.

तेवढ्यात करंट गेला. गल्लीभर माग एकदम गप्प. मीही रस्त्याच्या मधोमध, एक पाय अधांतरी.

दारात येऊन एक विणकर माझ्याकडं बघत राहिला.

"सर, करंट आमचा गेलाय. तुम्ही का थांबलासा?"