लिंबू-सोड्याने दात पांढरे होत नाहीत, झिजतात

गेले काही महिने एक मजकूर सगळीकडे फिरतोय. "अर्ध्या लिंबाच्या रसात चिमूटभर खायचा सोडा घाला आणि बोटाने दोन मिनिटं दातांवर चोळा. पिवळेपणा म्हणजे साचलेली घाण, ती फेसाबरोबर निघून येते. दात पिवळे असोत की काळे, आठ दिवसांत मोत्यासारखे होतात. सगळं नैसर्गिक, अपाय काहीच नाही. डॉक्टरकडचं ब्लीचिंग मात्र दात पोखरतं." मी दातांची डॉक्टर आहे. हे वाचून तसं केलेली माणसं माझ्या खुर्चीत येऊन बसतात, म्हणून एकेका वाक्याला उत्तर देते.

पिवळेपणा म्हणजे घाण? थोडा असतो. चहा, कॉफी, तंबाखूचे डाग वरून बसतात. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक औषधाच्या गुळण्या बरेच दिवस केल्या तरी तपकिरी थर चढतो. हे सगळं स्केलिंग-पॉलिशिंगने, म्हणजे दवाखान्यात दात साफ करून घेतल्याने निघतं. पण दाताचा मूळ रंग आतून येतो. वरचं इनॅमल अर्धपारदर्शक असतं आणि त्याखालचं डेंटिन मुळातच पिवळसर. वय वाढतं तसं इनॅमल झिजतं, डेंटिन जाड होतं, दात पिवळट दिसू लागतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला समोरचा पक्का दात आला की आई घाबरून त्याला घेऊन येते, कारण शेजारच्या दुधाच्या दातापुढे तो पिवळा दिसतो. त्या दाताला काहीही झालेलं नसतं. पक्क्या दाताचा रंगच तसा.

आता लिंबाबद्दल सविस्तर सांगायला हवं. पीएच म्हणजे आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. लिंबाच्या रसाचा पीएच साधारण २ ते २.५ असतो. पीएच ५.५ च्या आसपास खाली गेला की इनॅमलमधलं खनिज विरघळू लागतं. शिवाय लिंबातलं सायट्रिक आम्ल कॅल्शियमला धरून ओढून नेतं. आंबट खाल्ल्यावर दात आंबतात असं आपण म्हणतो ना, ती आम्लाचीच करामत. "पण डॉक्टर, लिंबू तर आपण खातोच की," असं मला जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. खातो, पण घास गिळला जातो आणि लाळ उरलेलं आम्ल धुऊन नेते. तोच रस दोन मिनिटं दातावर धरून चोळायचा म्हणजे मऊ झालेला थर खरवडून काढायचा. तो थर परत येत नाही. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपलेल्या असतात. लाळेतलं खनिज आणि फ्लोराइड मऊ पडलेला पृष्ठभाग पुन्हा कडक करू शकतात, पण गेलेली जाडी भरून देत नाहीत.

आणि सोडा? एकटा सोडा सौम्य असतो, वरवरचे डाग काढायला पुष्कळ टूथपेस्टमध्ये तो असतोच. पण या कृतीत चिमूटभर सोड्याने अर्ध्या लिंबातलं आम्ल संपत नाही, बरंचसं उरतं. चमचाभर घातलात तर आम्ल संपतं खरं, पण मग लिंबू घालून मिळवलं काय? जो फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड वायूचा. वाटीत दात नसले तरी तो तेवढाच येतो, त्यातून घाण बिण काही निघत नाही.

"पण फरक दिसतो," असं लोक शपथेवर सांगतात. मी ते खोटं म्हणत नाही. आम्लाने चकाकी गेलेला दात काही वेळ खडूसारखा पांढरट दिसतो. ओठ ताणून फोटो काढताना दात कोरडा पडतो, कोरडा दातही पांढरा दिसतो, आणि लाळेने भिजला की मूळ रंगावर येतो. म्हणून ब्लीचिंगआधी दात ओला असतानाच आम्ही शेडकार्ड (दातांच्या रंगछटांची पट्टी) लावून रंगाची नोंद करतो. महिनोन्महिने लिंबू चोळणाऱ्या एका मुलीचे समोरचे दात मी पाहिले. कडा काचेसारख्या पातळ, उजेड आरपार जाणाऱ्या, आणि हिरडीजवळ दात आधीपेक्षा जास्त पिवळे. पिवळं झाकणारा थरच तिने घासून टाकला होता. गार पाण्याच्या घोटालाही दात शिवशिवत होते.

ब्लीचिंग दात पोखरतं, हे खरं नाही. हायड्रोजन किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड इनॅमलमधून आत शिरतं आणि रंगीत रेणूंचे तुकडे करतं. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल ट्रेमध्ये, म्हणजे दातांवर बसणाऱ्या साच्यात, घालून तो रात्रभर दातांवर ठेवायची पद्धत १९८९ पासून प्रसिद्ध आहे. ब्लीचिंग चालू असतं त्या दिवसांत दात शिवशिवतात, हिरडीला जेल लागली तर चुरचुरतं. हे दोन्ही बहुधा थोड्या दिवसांत थांबतं. मर्यादाही आहेत. कॅप आणि दातात भरलेल्या सिमेंटचा रंग बदलत नाही, त्यामुळे बाजूचे दात उजळल्यावर तेच वेगळे दिसतात. लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकमुळे पडलेल्या करड्या पट्ट्यांना महिने लागतात. आणि ताकदवान जेल कुणीही कुठूनही आणून लावावी अशी ती वस्तू नाही. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशात ०.१ टक्क्याहून जास्त, ६ टक्क्यांपर्यंतचं हायड्रोजन पेरॉक्साइड दंतवैद्यामार्फतच द्यायचं आणि अठरा वर्षांखालच्यांना द्यायचं नाही असं ठरवलं.

"पिवळे असोत की काळे" या शब्दांची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. एकच दात करडा किंवा काळपट पडत चालला असेल तर बहुतेक वेळा त्याला कधीतरी मार लागलेला असतो. पडून, चेंडू लागून, लहानपणीसुद्धा. आतली नस मेलेली असू शकते, आणि मुळाच्या टोकाशी पू झाला तरी दुखतंच असं नाही. अशा दातावर लिंबू चोळण्यात महिने गेले, तर तेवढ्या काळात मुळाभोवतीचं हाड झिजत जातं. त्याला आधी एक्स-रे लागतो, मग रूट कॅनाल, आणि त्यानंतर तोच दात आतून ब्लीच करता येतो.