चढ ढकलत नेणाऱ्यांनी एंड्युरोचं नाव का घेऊ नये?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सोमवारी रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण तेव्हा जे लिहिलं ते सगळं पुसून टाकलं. आज चौथा दिवस. राग पुरता गेलाय असं नाही, पण आता निदान वाक्यं सरळ येतायत.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी डोंगरातल्या सायकलिंगच्या एंड्युरो या प्रकाराबद्दल लिहिलं होतं, की रोजच्या सायकलवाल्यासाठी एंड्युरो म्हणजे आपल्या पायांच्या बळावर वर जायचं आणि मग सगळं लक्ष एकवटून खाली यायचं. जो हे करतो त्याला स्वतःला एंड्युरोवाला म्हणवून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यावर तुम्ही लिहिलंत: "लेख वाचून हसू आलं. एंड्युरो ही शर्यत आहे. घड्याळ नाही तिथे एंड्युरो नाही. चढ ढकलत नेणाऱ्या हौशी मंडळींनी एंड्युरोचं नाव घेऊ नये." त्याखाली आणखी तीन मुद्दे होते. एंड्युरोच्या जागतिक शर्यतमालिकेचं, म्हणजे वर्ल्ड सीरिजचं साल चुकलंय, नवशिक्यांना १७० मिलिमीटर ट्रॅव्हलची (म्हणजे सस्पेन्शन तेवढं दबणारी) सायकल सुचवणं चूक आहे, आणि उतारांच्या वेडापायी पायवाटांची धूप होते.

सालाचं आधी मिटवते. तुमचं बरोबर आहे. मी २०१२ लिहिलं होतं. एंड्युरो वर्ल्ड सीरिजची पहिली फेरी मे २०१३ मध्ये इटलीत पुन्ता आला इथे झाली आणि त्या पहिल्या वर्षीची विजेतेपदं जेरोम क्लेमेंत्झ आणि ट्रेसी मोझली यांनी मिळवली. मोझलीने पुढची दोन वर्षंही सोडली नाहीत. चूक माझी होती, लेखात दुरुस्त केली आहे, आणि ती दाखवल्याबद्दल मनापासून आभार.

आता हसण्याबद्दल.

मी नऊ वर्षं डोंगरात सायकल चालवतेय. सुरुवात केली तेव्हा वयाची चौतिशी उलटली होती. दुसऱ्या वर्षी एका ओल्या मुळावरून पुढचं चाक घसरलं आणि कॉलर बोन मोडलं. सात आठवडे हात गळ्यात बांधून होते. परत सायकलवर बसले तेव्हा पहिले कित्येक दिवस प्रत्येक उतारावर मागे कुणीतरी धरून ओढतंय असं वाटायचं. त्यातून मी बाहेर आले ती याच "हौशी मंडळीं"मुळे. ती माझ्यासाठी उताराखाली थांबायची, मी चालत उतरले तरी थांबायची. मतभेद असणं वेगळं आणि हसणं वेगळं. तुम्ही "मला पटलं नाही" असं लिहिलं असतं तर हे उत्तर चार ओळींचं झालं असतं. तुम्ही हसलात, आणि माझ्या एकटीवर नाही, त्या सगळ्यांवर हसलात. ते मला लागलं, आणि लागलं हे लपवायचं कारणही मला दिसत नाही.

बाकी सगळं बाजूला ठेवून मी तुमचं एकच वाक्य घेते, कारण चार दिवस तेच डोक्यात फिरतंय: "चढ ढकलत नेणाऱ्या हौशी मंडळींनी एंड्युरोचं नाव घेऊ नये."

तुम्ही शर्यतीचा दाखला देताय म्हणून शर्यतीपासूनच सुरू करू. एंड्युरोच्या शर्यतीत दिवसभरात काही स्टेज, म्हणजे टप्पे, असतात. बहुतेक उताराच्या. त्यांचीच वेळ मोजतात आणि त्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी तो जिंकतो. दोन स्टेजमधल्या प्रवासाला लिएझॉन म्हणतात. तिथे पुढच्या स्टेजच्या दाराशी ठरलेल्या वेळेला पोचायचं, उशीर झाला तर दंड, एवढाच हिशेब. वेळेत पोचलात की तुम्ही तिथवर पेडल मारत आलात, ढकलत आलात की सायकल पाठीवर टाकून आलात, हे कुणी विचारत नाही. काही ठिकाणी तर एखादी चढण रोपवेनेही पार करू देतात. म्हणजे ज्या घड्याळाचा तुम्ही हवाला देताय, ते घड्याळच चढावर बंद असतं! आणि ते मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. शर्यत आखणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं, की वर जाताना माणसं एकमेकांशी बोलत जातात, पाणी वाटून पितात, पंक्चर झालेल्यासाठी थांबतात. मित्रमैत्रिणी डोंगरात जशा सायकली चालवतात तीच रीत त्यांनी शर्यतीत आणली आणि फक्त उतारांना घड्याळ लावलं. तुम्ही ही गोष्ट नेमकी उलटी धरून बसला आहात. शर्यत आमच्याकडे बघून घडली, आम्ही शर्यतीची नक्कल करत नाही.

जागतिक पातळीवरचे स्पर्धकही उभ्या चढणीवर सायकल ढकलतात. फ्रेम खांद्यांवर आडवी टाकून, एक हात फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर) आणि एक मागच्या चाकावर ठेवून दगडांतून वर जातात. आपल्या पायांत जेवढं बळ आहे ते पुढच्या स्टेजसाठी राखायचं असतं. ढकलण्याची त्यांना लाज वाटत नाही. सॅम हिलने २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं ही सीरिज फ्लॅट पेडलवर जिंकली, जेव्हा भोवतीचे बहुतेक स्पर्धक बूट पेडलला अडकवून उतरत होते. साध्या रबरी तळव्याचे बूट घालून चालणाऱ्या, ढकलणाऱ्या आणि वर पोचल्यावर त्याच बुटांनी उतरणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या तीन वर्षांत जे बळ मिळालं ते मी शब्दांत कसं सांगू?

आणखी मागे जायचं असेल तर २१ ऑक्टोबर १९७६ ला जाऊ. कॅलिफोर्नियात फेअरफॅक्सजवळ एका कच्च्या वाटेवर रिपॅक नावाची शर्यत त्या दिवशी पहिल्यांदा झाली. जुन्या, जड, पेडल उलटं दाबून ब्रेक लावायच्या सायकली. उतरता उतरता मागच्या चाकाचा हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. नाव त्यावरूनच पडलं. एकेक जण थोड्या थोड्या अंतराने सुटायचा आणि घड्याळ फक्त उताराला. वर मात्र सायकली ढकलत किंवा गाडीत घालून नेत. माउंटन बाइकिंगचा उगम सांगताना सगळे ज्या शर्यतीचं नाव घेतात तिच्या पहिल्या स्पर्धकांतही ढकलणारे होते. त्यांनी नाव घ्यायचं की नाही?

मी एकच एंड्युरो शर्यत केली आहे. एकच, आणि तीही पूर्ण झाली नाही, हे आधीच सांगते म्हणजे तुम्हाला शोधावं लागणार नाही. चार स्टेज होत्या. तिसऱ्या लिएझॉनमध्ये शेवटची साधारण अर्ध्या तासाची चढण अशी होती, की सगळ्यांत सोप्या गिअरवरही पुढचं चाक उचललं जात होतं. मी उतरले आणि ढकलू लागले. माझ्या पुढे पन्नासेक पावलांवर जी मुलगी ढकलत होती तिने त्या दिवशी आमचा गट जिंकला. मला वर पोचायला सहा मिनिटं उशीर झाला, दंड बसला, आणि चौथ्या स्टेजवर चेन तुटून मी बाहेर पडले. ढकलताना मात्र आम्ही दोघी एकाच चढावर होतो आणि दोघींची धाप सारखीच होती. तिथे हौशी कोण आणि खरी कोण, हे बाजूला उभं राहून कुणाला सांगता आलं नसतं. तुम्ही किती स्टेज उतरलात ते तुम्ही लिहिलेलं नाही, मीही विचारणार नाही. (हे वाक्य जरा तिखट झालंय. तरी राहू दे.)

आता घड्याळ. एंड्युरो हा शब्द मोटरसायकलवाल्यांकडून आला, हे मलाही माहीत आहे. १९१३ पासून होत आलेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय ट्रायलच्या नावात १९८१ पासून एंड्युरो हा शब्द आला. पण शब्दाच्या पोटात काय आहे? टिकून राहणं. एका दिवसात, एकाच सायकलवर, चढ आणि उतार दोन्ही निभावणं. फक्त उतारांसाठी बनवलेली डाउनहिलची सायकल वर चालवत नेता येत नाही आणि चढावर वेगाने जाण्यासाठी बनवलेली क्रॉस-कंट्रीची हलकी सायकल मोठ्या दगडांच्या उतारावर हात थरथरवते. यांच्या मधली जी सायकल आज एंड्युरोची म्हणून ओळखली जाते ती शर्यतींनी घडवली, मान्य. पण तिच्यातला ड्रॉपर पोस्ट घ्या. बोटाने कळ दाबली की सीट खाली, पुन्हा दाबली की वर. चढताना सीट उंच हवी आणि उतरताना बुडाखालून दूर हवी, ही अडचण शर्यतवाल्यांइतकीच रोजच्या सायकलवाल्याचीही होती. मी पहिली दोन वर्षं प्रत्येक माथ्यावर थांबून क्लॅम्प सैल करून हाताने सीट खाली करायचे. ड्रॉपर लावला त्या दिवशी वाटेतल्या छोट्या छोट्या उतारांवरही मी पहिल्यांदा सायकलच्या मधोमध उभी राहू शकले.

घड्याळाशिवाय उतरताना मन भटकतं असं ज्याला वाटतं त्याने माथ्यावरची ती पाच मिनिटं अनुभवलेली नाहीत. चढताना घोट्याशी सरकवलेले नी-पॅड वर ओढायचे. बॅगेला लटकवलेलं फुल-फेस हेल्मेट काढून घालायचं. मागच्या शॉकचा (धक्के झेलणाऱ्या सस्पेन्शनचा) चढासाठी घट्ट केलेला लिव्हर सोडायचा. हे मी अजून चारातून एकदा विसरते आणि पहिल्याच दगडावर आठवतं. टायर अंगठ्याने दाबून बघायचा. मग श्वास खाली येईपर्यंत कुणी बोलत नाही. आणि पहिलं वळण. तिथून पुढची सहा-सात मिनिटं घरचं, कामाचं, दुखण्याचं काहीही डोक्यात येत नाही. फक्त पुढची दहा-पंधरा मीटर वाट, नजर वळणाच्या शेवटी, ब्रेक वळणाआधी, आणि आत गेल्यावर बोटं सैल. ती सहा मिनिटं मिळवायला मी तास-सव्वा तास चढलेली असते. दिवसभरात अडीच-तीन तास चढ आणि जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं उतार, असा हा व्यवहार आहे. ज्याला तो तोट्याचा वाटतो तो दुसऱ्या रविवारी येत नाही. जे येतात, तेच माझ्या मते एंड्युरोवाले. त्यांच्या मनगटावर घड्याळ असतं की नाही, मी कधी बघितलं नाही.

आणि घड्याळ लावायचंच असेल तर आम्ही तेही लावतो. आमच्यातला एक जण, वय सत्तावन्न, ओळखीच्या एका उतारावर फोनमध्ये वेळ मोजतो. दोन वर्षांत त्याने अकरा सेकंद कमी केले. ते कसे केले ते तो सांगतो तेव्हा सगळे ऐकतात: एका वळणावर आधी आतून जायचा, आता बाहेरून जातो, त्यामुळे पुढच्या दगडांवर वेग टिकतो. हसण्यासारखं यात काय आहे ते मला खरंच कळलेलं नाही.

राहिले तुमचे दोन मुद्दे. ट्रॅव्हलबद्दल: १७० हा आकडा मी एका सायकलचं वर्णन करताना दिला होता, नवशिक्यांना सल्ला म्हणून नाही. तसा अर्थ निघत असेल तर निघो. ज्याला १४० पुरेल त्याने १४० घ्यावी, यावर वाद घालायला मला वेळ नाही. धुपीबद्दल: मागचं चाक लॉक करून घसरत गेलं की वाट खरवडते आणि ओल्या मातीत ती लवकर खराब होते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पाऊस थांबल्यावर लगेच जात नाही, इतकं सांगते. तो विषय त्या लेखाचा नव्हता.

"हौशी" या शब्दाला माझी हरकत नाही, हेही लिहून ठेवते. हौस नसती तर हाड मोडल्यावर मी परत वर गेलेच नसते. हरकत आहे ती त्याच्या आधी जे लिहिलंत त्याला.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. दुरुस्त केलेल्या सालाच्या शेजारी ती चूक वाचकाने दाखवली असंही लिहिलं आहे. प्रतिक्रिया बदलायची सोय तुमच्या बाजूला आहे. "हसू आलं" हे दोन शब्द तुम्ही स्वतःहून काढलेत, तर बाकीचं सगळं जसंच्या तसं राहिलं तरी मला चालेल.