म्हातारीचा तवा आणि आमची गाय

मुंबईत जे जे जुनं होईल ते गावी पाठवायचं, हा चाकरमान्यांचा शिरस्ता. त्यामुळे आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात दार न लागणारा फ्रीज आहे, एकाच वेगात फिरणारा मिक्सर आहे. भाच्याने व्हिडिओ गेम खेळायचा नवा कन्सोल घेतला तेव्हा जुना प्लेस्टेशन फोर (पीएस फोर) ओघानेच आला, बरोबर गेमच्या डिस्कची पिशवी. "मामा, गावी काय, तुला वेळच वेळ!" ज्याने जूनमध्ये कोकणात घर राखलेलं नाही त्यालाच असं बोलणं सुचतं.

माझं म्हणणं एवढंच, की हल्लीच्या गेममध्ये नायकाला नायक म्हणून कुणी वागवतच नाही. त्याचा सरळ घरगडी केलाय.

2015 चा 'द विचर थ्री' घ्या. गेराल्ट हा राक्षस मारणारा गडी. लेकीसारखी वाढवलेली सिरी बेपत्ता, तिच्या मागे भुतांची फौज. अशा वेळी पहिल्याच गावात एक म्हातारी त्याला अडवते. कशासाठी? तर तिचा तवा एका परक्या माणसाने उसना नेलाय, तो बंद घरात अडकलाय, तेवढा आणून दे. आणि हा पठ्ठ्या मंत्राने दार फोडून तवा आणतो! पुढे खानावळीत शिरला की ग्वेंट नावाचे पत्ते खेळत बसतो. पोर गेली वाऱ्यावर. मी तो तवा आणत होतो तेव्हा आये शेजारी गेलेली आमची रोवळी आणायला सांगत होती. फरक इतकाच, की रोवळीबद्दल कुणी अनुभवाचे गुण देत नाही. उलट "पावसात भिजवन हाडलंस ना?" एवढंच ऐकायला मिळतं.

त्याहून कहर 2018 चा 'रेड डेड रिडेम्प्शन टू'. पीएस फोरवर त्याच्या दोन डिस्का. पहिली घातली की नुसता गेमचा माल यंत्रात उतरवत बसते, तेवढ्यात अख्खी दुपार जाते. मग कळतं, की आर्थर मॉर्गन हा दरोडेखोर असला तरी त्याला घोड्याला खरारा करावा लागतो, चारा घालावा लागतो, बंदूक पुसावी लागते. दाढीसुद्धा आपोआप वाढते, ती करायची आपण. घोडा मळला तर लवकर दमतो. दिसायला मात्र सगळं देखणं, धुक्यातले डोंगर तर असे की बघत राहावं. मी मन लावून घोडा पुसत होतो. आये दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "त्या घोड्याक खरारो करतस, आणि आमच्या गायीन काय तुझा घोडा मारल्यान?"

गोठ्यात गेलो. काय करणार?

बरं, इतकी कामं देतात ती देतात, वर अक्कलही नाही असं समजतात. चढायचा कडा असला की त्याला पिवळा रंग फासलेला. आमच्या घाटीच्या चिऱ्यांवर पावसाळ्यात हातभर शेवाळ धरतं, तिथे कधी कुणी रंग लावला नाही. 2022 च्या 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक'मध्ये तर कोडं धड बघून होत नाही तोवर नायक क्रेटोसचा मुलगा उत्तर सांगतो. मुलगा गप्प बसलाच तर क्रेटोसच्या कंबरेला लटकवलेलं मुंडकं बोलतं.

म्हणून मला त्याच वर्षीचा 'एल्डन रिंग' पटतो. रस्ता विचारल्यावर "ह्यो काय, हयसरच" म्हणून आभाळाकडे हात करणाऱ्या आमच्याकडच्या म्हाताऱ्यासारखा आहे तो. सांगत काहीच नाही. गुहेतून बाहेर पडलात की समोर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार, जवळ गेलात की मेलात. सोपं-कठीण निवडायची सोय नाही, पॉज नाही, म्हणजे खेळ मध्येच थांबवता येत नाही. मेल्यावर साठवलेले रून, म्हणजे गेममधली कमाई, तिथेच पडतात. ते उचलायच्या आधी परत मेलात तर गेले कायमचे.

पॉज नसलेला गेम आणि कोकणातली लाइट, ही जोडी कुणी जमवली देव जाणे. त्या घोडेस्वाराचं रक्त नखाएवढं उरलं होतं. शेजारचे तात्या चहा निवत ठेवून "मागे हो, मागे हो! आता घाल!" करत होते. मी तलवार उचलली, बाहेर माडाची झावळी तारेवर पडली आणि घरभर काळोख. इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्यूब आहे, टीव्ही नाही. आयेचा निर्णय, त्यात बदल होत नाही.

"मेलो काय रे तो?" तात्यांनी विचारलं.

"नाय तात्यानू. लाइट गेली. आता परत पहिल्यापासून."

तात्यांनी निवलेला चहा एका घोटात संपवला, काळ्या पडद्याकडे बोट रोखून त्या घोडेस्वाराला एक सणसणीत शिवी दिली आणि छत्री उघडली. पायरीवरून वळून मला बजावलं, "उद्या येतंय मी. तवसर एकटो जाव नको."